डिसेंबरात तंबू टाकायचाय : मराठवाड्यात जागा कुठली, सामान किती?

कुंडलिकाकाठ · १८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, जालन्याहून लिहितोय. दरवर्षी जानेवारीत आम्ही कुणाच्या तरी शेतावर हुरड्याला जातो. दुपारी खायचं, संध्याकाळी घरी. यंदा पोरीनं हट्ट धरलाय की रात्री तिथंच राहायचं, तेही तंबूत, आणि जानेवारीपर्यंत थांबायची तिची तयारी नाही. पोरगी नऊ वर्षांची. मी, बायको, मेहुणा, त्याची बायको आणि ती, असे पाच जण. डिसेंबरच्या मध्यात दोन रात्री. तंबू अजून घेतलेला नाही.

डोक्यात तीन जागा आहेत : पैठणला नाथसागराचा काठ, म्हैसमाळचं पठार, नाहीतर गौताळ्याच्या जंगलात कुठंतरी. यातली बरी कुठली?

सामानाची यादी करायला बसलो तर एकेचाळीस वस्तू झाल्या. हवा भरायची गादी, घडीचं टेबल, पाच खुर्च्या, स्पीकर, जाळी, दोन कंदील, बॅट-बॉल, आणखी काय काय. बायको विचारते, बिऱ्हाड हलवायचंय का? मेहुणा म्हणतो, जनरेटर राहिला. सांगा बुवा.

माळरान · १८ नोव्हेंबर, रात्री १०:०२

यादी तूर्त खिशात ठेवा. जागा ठरल्याशिवाय सामान ठरत नाही. मी पहिल्या वेळी उलटं केलं होतं. सहा हजारांचा तंबू आधी घेतला आणि मग त्याला बसेल अशी जमीन शोधत अंधार पडेपर्यंत फिरलो.

तुमच्या तीनपैकी दोन जागा लगेच खोडा. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे आणि नाथसागराचा काठ जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो. दोन्ही १९८६ सालची. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही, मुक्काम तर लांबच. गौताळ्यात बिबटे आहेत, अस्वलं आहेत. शिवाय हिवाळ्यात नाथसागरावर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. त्यांच्या उशाशी स्पीकर लावून बसणार का?

म्हैसमाळ उरलं. साधारण साडेतीन हजार फूट उंची, उघडं पठार, रात्री वारं भणाणतं. नवख्या माणसानं लहान पोर घेऊन पहिला तंबू तिथं टाकू नये असं माझं मत.

भटकभवानी · १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

म्हैसमाळ बेस्ट आहे हो. आम्ही ३१ डिसेंबरला गेलो होतो, फुल्ल धमाल!

माळरान · १८ नोव्हेंबर, रात्री १०:३४

तीच धमाल शेजारच्या तंबूत पहाटे चारपर्यंत चालते, म्हणून म्हणालो.

गोदाकाठ · १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पैठणचाच आहे, म्हणून काठाबद्दल सांगतो. कायदा आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी धरणाचा काठ मुक्कामाला फसवा. पाणी मागं सरकलं की उघडी पडलेली जमीन वरून वाळते, भेगाळते, पांढरट दिसते. माणसाला वाटतं टणक आहे. वरची पापडी चार बोटांची आणि खाली लोणी. आमच्या पाहुण्यांनी गाडी थेट पाण्यापर्यंत नेली होती. चाकं निम्मी आत गेली. ट्रॅक्टर आणायला गावात गेलो तर ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला, "या आठवड्यातली तिसरी."

काही ठिकाणी त्याच उघड्या जमिनीवर गाळपेर असते. तुम्हाला मोकळं रान दिसतं, पण कुणीतरी हरभरा टाकलेला असतो. वरून चाक गेलं की त्याचं वर्षाचं नुकसान.

नदीपात्रातल्या वाळूवर तर कुठल्याही ऋतूत नको. वरच्या धरणातून पाणी सुटलं की पात्रात झोपलेल्याला कळायला उशीर होतो. पाणी बघायचं तर दिवसा या, पक्षी बघा, नाथांचं दर्शन घ्या आणि मुक्काम दुसरीकडे करा.

कुंडलिकाकाठ · १९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

धन्यवाद मंडळी. तीनही जागा गेल्या 😀

नवीन भानगड : आईला कळलं. वय अडुसष्ट. म्हणते मी पण येणार. "तुम्ही ज्याला क्यांपिंग म्हणू राहिले ते मी लग्नाआधी रोज करत होते, मळ्यात जागलीला." म्हणजे सहा जण. आता गाडी पोचेल अशी जागा पाहिजे, आणि संडासची सोय.

बालाघाटी · १९ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मावशी लाखातलं बोलल्या.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडून दरवर्षी दिवाळीनंतर बैलगाड्या न् ट्रॅक्टर भरून लोक ऊसतोडीला जातेत. पाच-सहा महिने कोपीत राहतेत. तुम्ही दोन रात्रीसाठी एकेचाळीस वस्तू न्यायलात. ऊसतोडीला जाणारी बाई पाच-सहा महिन्यांचा संसार एका गाडीत बसवती, त्यात कोंबड्या पण असतेत. लहानपणी मी दोन हंगाम कोपीत काढलेत, म्हणून सांगायलो. कौतुक करायचं नाही त्या जगण्याचं, लई हाल आहेत. पण जागा कशी निवडायची ते मुकादमापेक्षा म्हाताऱ्या बायांना जास्त कळतं.

आमची आजी उतरल्या उतरल्या पहिल्यांदा ओढा बघायची. ओढ्यापासून लांब, पण घागर आणता येईल इतकं जवळ. मग जमीन. काळ्या रानात कधीच नाही. काळी माती भेगाळलेली असली की मेख धरत नाही, आणि चार थेंब पडले की चपलेला किलो किलो चिकटती. मुरमाड, जरा उताराची जागा धरायची. कोपीचं तोंड वाऱ्याकडं नाही ठेवायचं. आणि खोलगटात नाही. थंडी पाण्यासारखी उतारानं खाली वाहती अन् खोलात साचती. पहाटे ओढ्याकाठी फिरून बघा, मग बांधावर चढा. फरक अंगाला कळतो.

दुसरं महत्त्वाचं. रात्री दुसऱ्याच्या पिकात पाय टाकू नका. रानडुकरांसाठी काहीजण कुंपणाच्या तारेत थेट लाईट सोडतेत. बेकायदा आहे, पण सोडतेत. माणसं मेलीत त्यानं. लघवीला जायचं तरी त्या शेतमालकाला आधी विचारून ठेवा, कुठल्या बाजूला तार आहे ते.

तंबूराव · १९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

बालाघाटी, +१. मी सामानाबद्दल लिहितो, तो माझा आजार आहे.

तंबू : सहा जणांना दोन तंबू घ्या, एक मोठा नको. पाकिटावर "चार माणसांचा" लिहिलं असेल तर त्यात तीन माणसं आणि पिशव्या मावतात. दुहेरी कापडाचा घ्या, म्हणजे आत जाळी आणि वर वेगळं आवरण. दुकानदार पाण्याच्या दाबाचा आकडा सांगेल, दोन हजार मिलिमीटर वगैरे. डिसेंबरात पावसाची शक्यता कमी, त्यासाठी जास्त पैसे घालू नका. त्यापेक्षा खुंट्या बघा. सोबत मिळतात त्या तारेच्या खुंट्या मुरमात वाकतात. लोहाराकडून वीतभर सळईचे तुकडे एका टोकाला वाकवून आणा. आणि हातोडी! दगडानं ठोकताना बोट चेचलेली माणसं मी मोजायची सोडून दिलीत.

तंबूखाली अंथरायला निवडणुकीनंतरचा फ्लेक्स. यासारखी चीज नाही. फक्त तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दव त्यावर साचून खाली शिरतं.

हवेची गादी रद्द करा. आपल्याकडे बाभळीचा काटा आहे, सराटे आहेत, आणि पडीक रानात या दिवसांत कुसळ असतंच. रात्री अकराला गादी बसते आणि मग तुम्ही थेट जमिनीवर. शाबूत राहिली तरी तिच्यातली हवा गार पडते. फोमची मॅट घ्या. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात. एक आरामाचं, एक मर्यादेचं. विकणारा मर्यादेचं मोठ्यानं सांगतो. तुम्ही आरामाचं वाचा. तिकडे डिसेंबरात पहाटे आठ-दहा अंश सहज होतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच-सहावर गेल्याची बातमी तर बहुतेक हिवाळ्यांत येते. म्हणून आरामाचं तापमान दहाच्या खालचं हवं. ते सरासरी बाईमाणसाच्या हिशेबानं ठरवतात आणि मर्यादेचं पुरुषाच्या, तेव्हा बायको आणि मेहुण्याच्या बायकोला जास्त ऊबदार बॅगा द्या.

बालाघाटी · १९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सहा बॅगांचे पैसे किती? वाकळ न् घोंगडी नाही का घरात?

तंबूराव · १९ नोव्हेंबर, रात्री ९:३१

वाकळेचं वजन बघा की.

बालाघाटी · १९ नोव्हेंबर, रात्री ९:३३

गाडीनं जायलेत, पाठीवर घेऊन नाही.

तंबूराव · १९ नोव्हेंबर, रात्री ९:४७

बरोबर, हरलो. गाडी जागेपर्यंत जात असेल तर फोमची मॅट, वर वाकळ, वर घोंगडी आणि कानटोपी. एक रुपया खर्च नाही. पोरीला हौस म्हणून एक बॅग घ्या.

रात्रपाळी · २० नोव्हेंबर, पहाटे २:१०

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे, ड्युटीवरूनच लिहितेय. साप-विंचवाचं कुणी काढलं नाही म्हणून.

थंडीत साप कमी फिरतात, पण नसतातच असं नाही. तंबूवाल्यांनी मण्यारीबद्दल माहिती ठेवावी. ती रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका बारीक की जाग येत नाही किंवा डास चावला असं वाटतं. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं बोबडं होतं. अशी लक्षणं दिसली तर खूण शोधत बसू नका, सरळ दवाखाना. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलवू न देता आणायचं. १०८ ला फोन करा, आणि निघायच्या आधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि तिथं सापाची लस आहे का, हे विचारून ठेवा. तंबूची चेन कायम बंद. जाळीचा तंबू हे मण्यारीपासूनचं चांगलं संरक्षण आहे, त्यामुळे आजीबाई बाहेर झोपणार म्हणाल्या तर बाज द्या, जमिनीवर नको.

विंचू दगडाखाली आणि बुटात. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. लाल विंचू चावला आणि घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर ते साधं दुखणं नाही, हृदयावर येतं. त्यावर प्राझोसिनचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला राहून जगापुढं मांडला. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. ते मूळचे धागाकर्त्यांच्याच जालना जिल्ह्यातले.

पोरीसाठी गंमत : अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळतो, नोटा तपासायचा. अंधारात तो विंचवावर मारला की विंचू हिरवा-निळा चमकतो. तंबू लावण्याआधी जागा अशी तपासा. खेळही होतो, कामही होतं.

शेवटचं. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत घ्यायचं नाही. त्यातला विषारी वायू ना दिसतो ना वास येतो.

कुंडलिकाकाठ · २० नोव्हेंबर, सकाळी ८:००

डॉक्टर, यादीत टॉर्च टाकला आणि जाळी खोडली. बाजेचं आईला सांगितलं, म्हणाली "मग तंबू कशाला?"

येसरआमटी · २० नोव्हेंबर, सकाळी ११:२५

खायच्या सामानाचं मी सांगते. तिथं स्वयंपाक करायचा हट्ट धरू नका, निदान पहिल्या रात्री तरी. पोचायला चार वाजतात, तंबूला दोन तास जातात, सहाला अंधार. घरून धपाटे करून न्या, दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, गूळ. दुसऱ्या दिवशी एकच पातेलं : घरी भाजून दळलेलं येसर नेलं की पाणी, येसर आणि फोडणी, पंधरा मिनिटांत आमटी. त्यात धपाटा कुस्करायचा.

पाणी माणशी रोज चार लीटर धरा, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. सहा माणसं, दोन दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस लीटर, वीस लीटरचे तीन जार न्या. शेतातल्या बोअरचं पाणी हातपाय धुवायला, पिण्यासाठी उकळूनच.

मधमाश्यांचंही ध्यानात ठेवा. किल्ल्यावर किंवा लेण्यात आग्यामोहोळ असेल तर खाली चूल पेटवू नका, अत्तर मारून जाऊ नका.

भटकभवानी · २० नोव्हेंबर, दुपारी १२:१०

एवढं घाबरवलं तर कोण जाईल? आम्ही किल्ल्यावर झोपलोय, काही होत नाही, विचारायला कोण येतंय?

माळरान · २० नोव्हेंबर, दुपारी १२:५५

भवानी, कुणी विचारायला येत नाही हे खरंय. सकाळी टाक्यात ताटं धुतलेली आणि बुरुजाच्या पायथ्याशी काचा दिसतात, त्याही कुणी विचारत नाही म्हणूनच. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, तिथं संध्याकाळनंतर थांबायचं नसतं. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी थांबलोय, आता लाज वाटते.

धागाकर्ते, ऐका. सोयगाव तालुक्याकडे बघा. सिल्लोडवरून उंडणगाव, पुढे हळदा, मग हळदा-वेताळवाडी घाट. घाटातच वेताळवाडीचा किल्ला आहे, पोरगी सहज चढेल. जवळच रुद्रेश्वरची लेणी. हे सगळं दिवसा. रात्री मात्र वनखात्याच्या हद्दीबाहेर, गावालगतच्या एखाद्या शेतात, मालकाला विचारून. कुणाची तरी सोयरीक सिल्लोड-सोयगावात निघेलच की. पैसे घेणार नाहीत, पण दिले पाहिजेत. शेतात कुत्रं असतं, माणूस असतो, विहीर असते, फोन लागतो. नवख्याला याहून काय पाहिजे?

एक तपासा : कापणी झालेलं रान मोकळं दिसतं, पण मक्याची धसकटं उभी असतात. तंबूच्या तळाला भोकं पडतात. खळं मिळालं तर बघा.

नक्षत्रवेडा · २० नोव्हेंबर, रात्री ९:०५

तारीख जमली तर १३-१४ डिसेंबरची रात्र धरा. मिथुन राशीतला उल्कावर्षाव तेव्हा भरात असतो. दहानंतर पूर्वेला बघायला लागा, मध्यरात्रीनंतर राशी डोक्यावर येते. मोबाईल अर्धा तास बंद, टॉर्चला लाल कागद. आणि ते दोन कंदील घरी ठेवा हो!

कुंडलिकाकाठ · २१ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

सोयरीक निघाली! मेहुण्याच्या कंपनीतल्या एकाचे काका. जागा पक्की, तारीख १३. यादी एकेचाळीसवरून एकोणीसवर आली. बॅट राहिली आहे, तिच्यावरून वाद चालू आहे.

कुंडलिकाकाठ · १६ डिसेंबर, रात्री ९:३०

आलो परत. वृत्तांत द्यायचा शब्द होता.

खळं मिळालं. सारवून, रोळ फिरवून सिमेंटसारखं झालेलं. लोहाराच्या सळया अर्धा इंचही आत गेल्या नाहीत, तंबूराव. हातोडी नुसती टणटण वाजली. मेहुणा घामाघूम. मग काकांनी खताच्या रिकाम्या गोण्या दिल्या, आम्ही त्यात माती भरली आणि तंबूच्या दोऱ्या गोण्यांना बांधल्या. वारा रात्रभर होता, तंबू हलला नाही. ही युक्ती कुणी सांगितली नव्हती, म्हणून नोंद करतोय.

पहिल्या पहाटे तंबू आतून ओला. बायको म्हणाली गळतोय. पाऊस नाही, काही नाही. नंतर कळलं की आमच्याच श्वासाची वाफ. थंडी म्हणून सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या होत्या. दुसऱ्या रात्री वरच्या दोन झडपा उघड्या ठेवल्या, जाळी बंद, तर बराच कोरडा राहिला.

उल्का मोजल्या. पोरीनं सदतीस सांगितल्या, त्यातल्या पाच-सहा विमानं असावीत. आणि दोन वाजता, आम्ही सगळे वर बघत पडलेलो, तेव्हा लांबून एक टॉर्च हलत हलत आमच्याकडे यायला लागला. मेहुण्यानं बॅट उचलली (बॅट आली होती, हो). जवळ आल्यावर कळलं, काकांचा मुलगा. या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची, म्हणून गव्हाला पाणी द्यायला निघालेला. आम्हाला म्हणाला, "झोप येईना का?" त्याच्यासोबत आई बांधापर्यंत गेली, दारं कशी धरतात ते पोरीला दाखवलं आणि परत येऊन बाजेवर घोंगडी ओढून झोपली. तंबूत ती एकदाही आली नाही.

विंचू एक दिसला, दगडी बांधात, टॉर्चखाली हिरवा. धपाटे दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले. वापरलं नाही असं सामान : घडीचं टेबल, तीन खुर्च्या, स्पीकर. कमी पडलं ते : पायमोजे. कुसळानं भरलेले मोजे पुन्हा घालता येत नाहीत.

बालाघाटी · १६ डिसेंबर, रात्री ९:५०

पैसे घेतले का काकांनी?

कुंडलिकाकाठ · १६ डिसेंबर, रात्री ९:५८

नाही घेतले. पोरीनं त्यांच्या नातवाला बॅट देऊन टाकली.

तंबूराव · १६ डिसेंबर, रात्री १०:०६

सळया वाया गेल्या तर. हातोडी तरी जपून ठेवा, पुढच्या वेळी मुरूम असेल.

कुंडलिकाकाठ · १६ डिसेंबर, रात्री १०:१५

हातोडी खळ्यावरच राहिली. आत्ताच काकांचा फोन येऊन गेला. म्हणाले, दादर ज्वारी अजून हिरवी आहे, हुरड्याला यायचंच आहे तेव्हा घेऊन जा.